पिवळ्या नळीचा माणूस

१

चंद्रप्रकाश नेवगीला समुद्राने दुसऱ्या दिवशी सकाळी परत दिलं. मालवणच्या किनाऱ्यापासून बरंच आत, काळ्या खडकांच्या बेचक्यात, जाळी टाकायला निघालेल्या मच्छीमारांना तो सापडला. अंगात 'कडेकपारी' मंडळाचा निळा टी-शर्ट होता. तोंडावर लावायचा काचेचा मास्क आणि श्वास घ्यायची पिवळी नळी आदल्या दिवशीच एका कपारीत अडकलेली मिळाली होती. पोलिसांनी पंचनामा केला, पाण्यात बुडून अपघाती मृत्यू असं लिहिलं आणि प्रेत मुलुंडला पाठवून दिलं.

शहाऐंशी सालच्या नाताळच्या सुट्टीतली ही गोष्ट. 'कडेकपारी' हे मुलुंडच्या पोरांचं गिर्यारोहण मंडळ. एरवी गडकिल्ले चढणाऱ्या या मंडळींनी त्या वर्षी समुद्रात मजा करायची ठरवली. चौदा जण, एक भाड्याची होडी, टेपरेकॉर्डर, बियर, तळलेली सुरमई. शिवाय मस्कतहून कोणीतरी आणलेले मास्क-नळीचे तीन जोड. तोंड पाण्यात, नळीचं टोक वर, आणि खाली रंगीत मासे बघत तरंगायचं. असली चैन मुलुंडमध्ये तोवर कोणी पाहिली नव्हती.

फेब्रुवारीत नलिनी साटम चंद्रप्रकाशच्या आईच्या, जानकीच्या घरी आली, तेव्हा खोलीत दिवसासुद्धा अंधार होता. खिडक्या महिनाभर उघडल्याच नव्हत्या. नलिनी पोलिसात हवालदार होती. अठ्ठावीस वर्षांतली वीस तिने हरवलेल्या माणसांच्या विभागात काढली आणि आता निवृत्त होऊन जोगेश्वरीत राहत होती. जानकी तिच्या चुलतभावाची बायको. तिचा नवरा सात वर्षांपूर्वी गेला, आणि आता एकुलता एक मुलगा.

"चहा टाकू?" जानकीने विचारलं आणि जागची हलली नाही.

फळीवर चंद्रप्रकाशचा फोटो, पुढे त्याचं घड्याळ, ड्रॉइंगची पट्टी आणि चष्मा. नलिनीने चष्मा उचलून पाहिला. काचा जाडजूड, कडेला भोवऱ्यासारखी वलयं.

"नऊ नंबर," जानकी म्हणाली. "आंघोळीहून आला आणि मी दारात उभी असले ना, तर मला म्हणायचा, काकू, आई आत आहे, बसा. स्वतःच्या आईला! आम्ही दोघं हसून हसून..." तिचं वाक्य तिथेच तुटलं. मग आवाज एकदम कोरडा झाला. "नलूताई, माझा मुलगा बुडाला नाही. त्याला बुडवला. मी शोकसभेत सगळ्यांदेखत सांगितलं त्याला. उठून निघून गेला मेला. एक शब्द बोलला नाही."

"कोणाला सांगितलंस?"

"भीमराज खरातला. तूच पुरावा शोध. मला तो फासावर हवाय."

२

जयवंत सावर्डेकर मंडळाचा अध्यक्ष होता. पस्तिशीचा, रुंद खांद्यांचा, बोलायला मोकळा. त्याची धाकटी बहीण वसुधा आणि चंद्रप्रकाश यांचं लग्न मे महिन्यात ठरलं होतं. म्हणजे गेलेला माणूस त्याचा होणारा मेहुणा. मंडळाच्या खोलीत भिंतीभर कड्यांचे फोटो होते. एका फोटोला हार होता. दोन वेण्या घातलेली, विशीतली मुलगी.

"क्षमा पेडणेकर," जयवंत म्हणाला. "दोन वर्षांपूर्वी कड्यावरून पडली. कमरेच्या दोराची गाठ नीट बांधली नव्हती तिने. सामानाची जबाबदारी भीमराजकडे होती. गाठ तपासायचं काम त्याचं. पण जाऊ द्या. आपला पोरगा म्हणून आम्ही सांभाळून घेतला."

"त्या दिवशीचं सांगा. होडीवरचं."

जयवंतने घोकून ठेवल्यासारखं सांगितलं. काळा खडक होडीपासून साठ-सत्तर हातांवर. मास्क लावून तिघेच लांब गेले, चंद्रप्रकाश, भीमराज आणि तो स्वतः. बाकीचे होडीला धरून डुंबत होते. पिवळा जोड चंद्रप्रकाशकडे, काळे दोन या दोघांकडे. तिघांच्या अंगात मंडळाचा तोच निळा टी-शर्ट, उन्हाने पाठ भाजू नये म्हणून.

"मी खडकाच्या मागे मासे बघत होतो. चंद्या पुढच्या बाजूला. जेवायची वेळ झाली. वसूने ताट वर करून दाखवलं, त्याने पाच बोटं दाखवली, पाच मिनिटांत येतो म्हणून. तेवढ्यात मी मागून फिरून होडीवर आलो. चंद्या येईना, म्हणून भीमराज त्याला आणायला गेला. पाऊण तास. एकटाच परत आला. म्हणाला, सापडत नाही." जयवंतने डोळे टिपले. "पाऊण तास, साटमबाई. सगळे होडीवर, पाण्यात फक्त ते दोघं."

"भीमराजला काय कारण?"

जयवंत घुटमळला. मग सांगावं की नको अशा आवाजात म्हणाला, "आदल्या संध्याकाळी किनाऱ्यावर दोघांचं कडाक्याचं वाजलं. सगळ्यांनी ऐकलं. भीमराज ओरडला, दोन वर्षं गप्प बसलास! तुला मी सोडणार नाही!"

३

साकीनाक्याच्या एका गाळ्यात भीमराज खरात लेथवर काम करत होता. नलिनीने नाव सांगितलं तेव्हा त्याने मशीन बंद केली, हात बोळ्याने पुसले आणि तिला बसायला एक लाकडी खोकं दिलं. वय तिशीचं, पण डोळ्यांखाली काळी वर्तुळं.

"जानकीमावशीने पाठवलंय ना? विचारा."

"भांडण कशावरून झालं?"

"ते माझ्यात आणि चंद्यात."

"तो गेलाय रे."

"म्हणूनच. त्याने शब्द घेतला होता माझ्याकडून."

नलिनी गप्प राहिली. समोरचा माणूस शांतता किती सहन करतो यावरून बरंच कळतं, हे ती नोकरीत शिकली होती. शेजारच्या गाळ्यातला पत्र्यावरचा हातोडा तेवढा ऐकू येत राहिला. शेवटी तिनेच विचारलं, "तू आणायला गेलास तेव्हा काय पाहिलंस?"

"काही नाही. पाणी. खडकाला तीन फेऱ्या मारल्या. मग कपारीत पिवळी नळी दिसली. तिथे बुडी मारली, पुन्हा मारली. नाकातून रक्त आलं तेव्हा वर आलो." त्याने बोळा पुन्हा हातावर घासला. "मंडळात सगळ्यात चांगला पोहणारा मी. माझी आई राधाबाई विहिरीवर पोहायला शिकली आणि तिने मला शिकवलं. आणि माझा यार माझ्यापासून साठ हातांवर बुडून मेला."

"लोक काय म्हणतात माहीत आहे?"

"ऐकू येतं मला. क्षमा गेली तेव्हाही ऐकलं. तिचे वडील, अण्णा पेडणेकर, मला भर रस्त्यात म्हणाले, तू माझी मुलगी खाल्लीस. आता जानकीमावशी." तो कडवट हसला. "सवय झाली. गेल्या आठवड्यात मंडळातून नाव काढलं माझं. पुढच्या महिन्यात गाळ्याचा मालकही म्हणेल, दुसरीकडे बघ."

"मग बोल ना. गप्प बसून वाट लागेल तुझी."

"बोललो तर जास्त लागेल," भीमराज म्हणाला आणि मशीन पुन्हा सुरू केली. "मी बोलल्यावर कोण खरं मानणार आहे?"

४

वसुधा एका शाळेत शिकवायची. शाळेजवळच्या बागेत, बाकावर, ती हातात रुमाल घट्ट धरून बसली. तिच्या बोलण्यात रडणं नव्हतं. रडून झालेल्या माणसाचं बोलणं होतं ते.

"शेवटचं त्याला कोणी पाहिलं?" नलिनीने विचारलं. वीस वर्षांत हजारो घरांत विचारलेला हा एकच प्रश्न.

"मी. मीच पाहिलं, मावशी."

"सावकाश सांग."

"बाकी सगळे होडीच्या मधल्या भागात टेप लावून नाचत होते. इतका आवाज, की हाक मारून उपयोग नव्हता. मी एकटी मागच्या टोकाला ताटं पुसत होते. चंद्रप्रकाश खडकाच्या या बाजूला आला. पिवळी नळी, पिवळा मास्क. माझ्याकडेच बघत होता. मी ताट वर केलं, आणि तोंडाकडे हात नेऊन जेवायला ये अशी खूण केली. त्याने पंजा वर केला. पाच बोटं. मग पाण्यात तोंड घालून खडकामागे गेला." तिने श्वास घेतला. "मी त्याला हसून दाखवलं. ते हसणं आठवलं ना, तर..."

"हे सगळं कोणाकोणाला सांगितलंस?"

"पोलिसांना सांगितलं, पाच मिनिटांत येतो म्हणाला. सगळ्यांना तेवढंच सांगितलं."

"ताटाचं?"

वसुधाने आठवून पाहिलं. "नाही. ते कोणी विचारलंच नाही. तुम्हालाच पहिल्यांदा."

नलिनीने मान वळवून बागेच्या फाटकाकडे पाहिलं. चेहऱ्यावर काही दिसू न देण्याची ती तिची जुनी सवय होती.

"खुणेनंतर किती वेळाने जयवंत होडीवर आला?"

"लगेच. सात-आठ मिनिटं असतील. धापा टाकत होता. पहिलं वाक्य म्हणाला, चंद्या अजून आला नाही?"

"आणि चंद्रप्रकाशचा चष्मा? तो पाण्यात होता तेव्हा चष्मा कुठे होता?"

"पाण्यात उतरताना मला दिला. मास्कच्या आत चष्मा मावत नाही ना. माझ्या पर्समध्ये होता. मीच नेऊन दिला आईंना." तिने रुमालाची घडी मोडली, पुन्हा घातली. "मावशी, भीमराजने असं का केलं असेल? दादा म्हणतो, क्षमाच्या वेळचा काहीतरी राग. पण भीमराज आणि चंद्रप्रकाश एका डब्यात जेवायचे हो."

नलिनीने तिच्या पाठीवरून हात फिरवला. तिच्या मनात एक गोष्ट आकार घेत होती आणि ती खोटी निघावी असं तिला फार वाटत होतं. बसच्या रांगेत उभी असताना तिला जुनी एक तक्रार आठवली. हरवलेल्या बाईला तीन जणांनी स्टेशनवर पाहिलं होतं, शपथेवर. प्रत्यक्षात तिची हिरवी साडी नेसून तिची नणंद गेली होती. लोकांनी पाहिली ती साडी.

पण संशय म्हणजे पुरावा नव्हे. त्या होडीवर आणखी एक माणूस होता, आणि त्याला अजून कोणीच काही विचारलं नव्हतं.

५

होडीवाला धोंडिराम तिला मालवणला जाऊन शोधावा लागला नाही. डोळ्याच्या ऑपरेशनसाठी तो मुंबईला आला होता आणि जोगेश्वरीला, गुंफांच्या रस्त्यावर, पुतण्याच्या खोलीत उतरला होता. एका डोळ्यावर हिरवी पट्टी, दुसऱ्या डोळ्याने तो नलिनीला निरखत होता. नलिनीने मालवणीत सुरुवात केली तसा तो सैलावला.

"माका कोणी इचारल्यानच नाय, बाये," तो म्हणाला. "पोलिसांनी लायसन बघितल्यानी, अंगठो घेतल्यानी. झाला."

"मी विचारतंय. पयल्यापासून सांग."

"तो पोरगो, गेलो तो, होडयेकडे इलो. तहान लागलेली. मिया तांब्यो खाली धरलंय. तर तो हात चाचपडता! तांब्यो हयसर, हात थयसर. मिया म्हटलंय, पोराक दिसना नाय की काय? मगे मीच तेच्या हातात दिलंय. तेवढ्यात तो दुसरो, मोठ्या खांद्यांचो, तेका म्हणालो, चल, खडकामागे जावया, बोलाचा हा. दोघव गेले."

"जयवंत? तो त्याला घेऊन गेला?"

"नाव माका काय ठावक. आदी काळी नळी, मागे पिवळी. पिवळो तेच्या पायाकडे बघून पवत होतो, वाट चुकात म्हणान."

"आणि तिसरा? भीमराज?"

"तो माझ्यावांगडा, होडयेकडेच! दोघव गेले आणि माझो नांगर खडकात अडाकलो. होडी फिराक लागली. मिया भीमराजाक हाक मारलंय. बरोच वेळ तेनी बुड्यो मारल्यान होडयेच्या नाळेकडे, फुडल्या टोकाक, हात सोलपाटले तेचे. नांगर सुटलो, तो वर इलो, मिया तेका बिडी दिलंय. मागे वळान बघतंय तर तो मोठ्या खांद्यांचो होडयेवर चढता आणि ती बाय जेवाण वाढता."

"म्हणजे ते दोघं खडकामागे गेल्यापासून जयवंत परत येईपर्यंत भीमराज तुझ्या नजरेसमोर होता?"

"एक घडी हल्लो नाय. देवाची आण."

बाहेर कोणीतरी कपडे आपटत होतं. आतापर्यंत सगळा संशय एका गोष्टीवर उभा होता. जेवायच्या खुणेला उत्तर देईपर्यंत चंद्रप्रकाश जिवंत होता, आणि नंतर पाण्यात फक्त भीमराज गेला. पण हातभरावरचा तांब्या ज्याला चाचपडावा लागला, दारातली आई ज्याला ओळखू यायची नाही, त्याला साठ-सत्तर हातांवरून ताट दिसलं? ओठांकडे नेलेला हात दिसला?

चंद्रप्रकाशला होडी म्हणजे एक काळा डाग दिसला असता. वसुधाला पंजा दाखवणारा माणूस चंद्रप्रकाश नव्हताच. चंद्रप्रकाश तेव्हा खडकामागे मेलेला होता.

६

तिने आधी साकीनाका गाठलं. या वेळी तिने भीमराजला प्रश्न विचारला नाही, उत्तर सांगितलं. ऐकता ऐकता तो खोक्यावर खाली बसला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून लहान मुलासारखा रडला. मग त्याने शब्द मोडला.

क्षमाची गाठ सुटलीच नव्हती. कड्याच्या माथ्यावर तिचा दोर जयवंतच्या हातात होता. खालून मंडळींनी फोटोसाठी ओरडा केला तसा त्याने कॅमेरा काढायला दोर सोडला, आणि त्याच क्षणी तिचा पाय घसरला. दोर तिच्या कमरेला तसाच होता. ती कड्याच्या मधल्या टप्प्यावर पडली होती. जयवंत धावत तिच्यापाशी उतरला आणि त्याने गाठ सोडली. मागून आलेल्या चंद्रप्रकाशने ते डोळ्यांनी पाहिलं. तिला श्वास घेता यावा म्हणून सोडतोय, असं जयवंत म्हणाला. पण खाली उतरल्यावर सगळ्यांना त्याने सांगितलं, गाठ आधीच सुटलेली होती.

"चंद्या गप्प बसला. वसुधा त्याची जीव की प्राण, आणि तिचा भाऊ तो. दोन वर्षं माझ्याबरोबर जेवला आणि गप्प बसला! मालवणला किनाऱ्यावर त्याने मला सांगितलं. मी खवळलो, वाट्टेल ते बोललो. तो म्हणाला, हे पोटात ठेवून मला लग्न करता येत नाही. उद्या जयवंतला सांगतो, परत गेलो की वसुधाला आणि अण्णांना. तोवर तू बोलू नकोस."

"आणि तू नाही बोललास."

"तो गेल्यावर बोललो असतो तर? आधीच मी खुनी. वर स्वतःची कातडी वाचवायला अध्यक्षावर आळ घेतला म्हणाले असते."

रविवारी सकाळी नलिनी सावर्डेकरांच्या घरी गेली. जानकी हट्टाने बरोबर आली. तिला नलिनीने काही सांगितलं नव्हतं. पुरावा मिळाला, एवढंच म्हणाली होती. जयवंतने दोघींना बसायला सांगितलं. वसुधाने पाणी आणलं.

"भीमराजचं काय ठरलं?" जयवंतने विचारलं.

"सांगते. जयवंत, वसुधाने ताट वर केलं हे तू मला सांगितलंस. तू तर तेव्हा खडकामागे होतास."

"वसूनेच सांगितलं मला नंतर."

"मी?" वसुधा म्हणाली. "नाही रे दादा."

"मग आणखी कोणीतरी सांगितलं असेल. काय फरक पडतो?"

नलिनी वसुधाकडे वळली. हे तिला फार जड जात होतं. "बाळ, चंद्रप्रकाशला चष्म्याशिवाय किती दिसायचं?"

"काही नाही. अगदी जवळ धरल्याशिवाय..." वसुधा बोलता बोलता थांबली. हातातला पेला तिरका झाला, पाणी फरशीवर सांडलं, तिचं लक्ष नव्हतं. ती भावाकडे बघत होती. त्याच्या खांद्यांकडे, त्याच्या उजव्या पंजाकडे.

"दादा," ती अगदी हळू म्हणाली, "मी ताट कोणाला दाखवलं?"

जयवंत एकदम खुर्चीत खचला. अंगातली सगळी हवा गेल्यासारखा.

"मला त्याला मारायचं नव्हतं," तो म्हणाला. "खडकामागे उभं राहता येतं, छातीएवढ्या पाण्यात. तो म्हणाला, परत गेल्यावर अण्णांना सांगणार. मी हात जोडले. वसूची शपथ घातली. तो नळी तोंडात घालून वळला. मी मागून धरला. थोडा वेळ दाबून ठेवायचा, घाबरवायचा, एवढंच होतं मनात. मग त्याने हातपाय मारणं थांबवलं."

"आणि त्याचा मास्क लावून पुढे आलास," नलिनी म्हणाली. "कोणीतरी त्याला जिवंत बघावं म्हणून."

"कोणीही बघितलं असतं तर चाललं असतं. वसूच उभी असेल असं मला..." त्याने बहिणीकडे पाहिलं. "वसू, तू हसलीस माझ्याकडे बघून."

वसुधा भिंतीला टेकून खाली बसली. इतका वेळ दगडासारखी बसलेली जानकी उठली. नलिनीला वाटलं, ही आता त्याच्या अंगावर जाणार. पण जानकी जयवंतच्या पुढून निघून गेली, वसुधाच्या शेजारी फरशीवर, सांडलेल्या पाण्यात बसली आणि तिने पोरीचं डोकं आपल्या मांडीवर घेतलं.

"पोलिसांना बोलाव, नलूताई," ती म्हणाली.

७

पुढचं सगळं रीतीने झालं. धोंडिरामने एका डोळ्याला पट्टी असताना साक्ष लिहून दिली. वर्ष-दीड वर्षाने वसुधा कोर्टात उभी राहिली आणि भावाच्या समोर तिने ताटाची गोष्ट सांगितली. जयवंतला जन्मठेप झाली. त्या दिवशी कोर्टाबाहेर कोणी आनंदाने एकमेकांचे हात धरले नाहीत. कोणाला काही मिळालंच नव्हतं.

पण जयवंतला पकडलं त्याच आठवड्यात वसुधा नलिनीला म्हणाली होती, "चंद्रप्रकाशला अण्णांना सांगायचं होतं. ते आता मी सांगते. तुम्ही याल?"

अण्णा पेडणेकर मुलुंडलाच, जवळच्या चाळीत तळमजल्यावर राहत होते. गिरणी सुटल्यापासून घरीच. क्षमा गेल्यावर त्यांनी माणसांत उठणं-बसणं सोडलं होतं. दार उघडलं तेव्हा अंगात बनियन, हातात निवडायला घेतलेली मेथी.

वसुधाने उभ्यानेच सांगितलं. दोर, कॅमेरा, सोडलेली गाठ. आपल्या भावाचं नाव घेताना ती थांबली नाही. अण्णा ऐकत राहिले. मेथीची जुडी त्यांनी कधी खाली ठेवली ते त्यांनाही कळलं नाही.

"म्हणजे तिने बरोबर बांधली होती?" त्यांनी विचारलं.

"हो अण्णा. घट्ट होती. पडल्यावरसुद्धा सुटली नव्हती."

"बरोबर बांधली होती," ते स्वतःशी म्हणाले. "मी पोरीला दोन वर्षं रोज मनातल्या मनात रागावत होतो. एवढी साधी गाठ तुला बांधता आली नाही, म्हणून." बराच वेळ ते पाठ करून उभे राहिले. दोघी बायका दारातच थांबल्या.

मग त्यांनी खुंटीवरचा सदरा काढला. बटणं वरपासून खालपर्यंत सगळी लावली.

"तो खरातांचा मुलगा," ते म्हणाले, "भीमराज. तो कुठे कामाला आहे?"

"साकीनाक्याला," नलिनी म्हणाली. "आज जायलाच हवं असं नाही अण्णा. दमला असाल."

"भर रस्त्यात बोललो होतो मी त्याला. चारचौघांत." अण्णांनी चपला पायात सरकवल्या, कडीला कुलूप घातलं आणि दोघींच्या पुढे चालायला लागले. "गाळा सुटायच्या आत पोचलं पाहिजे. सगळे कामगार असतील तेव्हा."